जुन्या सुमो-बोलेरोत चाइल्ड सीट का डगमगते?

टाटा सुमो १९९४ साली आली. त्याच वर्षी २५ मार्चपासून देशात तयार होणाऱ्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी पट्टे सक्तीचे झाले. मागे बसणाऱ्यांचा त्या नियमात उल्लेख नव्हता. तो यायला २००२ उजाडलं, आणि तेव्हाही सक्ती झाली ती फक्त समोर तोंड असलेल्या मागच्या सीटना. डिक्कीतली समोरासमोरची बाकडी सुटली. दरम्यान २००० मध्ये बोलेरो आणि क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ रस्त्यावर आल्या. जास्तीत जास्त माणसं बसावीत, सामान मावावं आणि गाडी खराब रस्त्यावर टिकावी, या हिशेबाने ही वाहनं घडली. लहान मूल म्हणजे कोणाच्या तरी मांडीवरचं मूल, हे गृहीतच होतं.

अशा गाडीत चाइल्ड सीट बसवताना नडतं ते इथेच. म्हणून सीट विकत घेण्याआधी आरसी बुकावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष बघावं. २००२ पूर्वीच्या गाडीत मधल्या रांगेला पट्टा नसण्याची किंवा नुसता कमरेचा असण्याची शक्यता मोठी. त्यानंतरच्या गाडीत खिडकीकडच्या जागांना तीन-बिंदू (खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा) पट्टा बहुधा मिळतो, पण मधल्या जागेला कमरेचाच.

मांडीवरच्या मुलाचा हिशेब साधा आहे. चाइल्ड सीटच्या युरोपीय चाचणीत समोरची धडक ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने देतात, आणि त्या क्षणी सीटवर गुरुत्वाच्या वीस ते अठ्ठावीस पट झटका बसतो. म्हणजे दहा किलोचं बाळ दोनशे किलोंहून जड होतं. ते हातांनी धरून ठेवणं कोणालाच शक्य नाही.

चाइल्ड सीट आधी आली, आयसोफिक्स, म्हणजे पट्ट्याविना सीट थेट गाडीला अडकवायची सोय, पुष्कळ नंतर. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन-बिंदू पट्टा १९५९ मध्ये आणला. १९६० च्या दशकात स्वीडनच्या बेर्टिल आल्डमन यांनी मुलाला मागे तोंड करून बसवणारी सीट मांडली. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी ज्या रीतीने पाठीवर भार घेतात, त्यावरून त्यांना ती सुचली होती. अमेरिकेचा पहिला चाइल्ड सीट नियम १९७१ चा, युरोपचा आर-४४ हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. या साऱ्या काळात सीट गाडीला बांधली जायची ती गाडीच्याच पट्ट्याने. आयसोफिक्सचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ चं: सीटच्या पाठ आणि बैठकीच्या खाचेत ६ मिलीमीटर जाडीच्या दोन दांड्या, एकमेकींपासून २८० मिलीमीटरवर. पट्ट्याने बांधलेल्या सीट घरोघरी ढिल्या सापडत होत्या, त्यावरचा हा उपाय. अमेरिकेत या दांड्या २००२ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीच्या झाल्या.

तेव्हा आयसोफिक्स नाही म्हणून जुनी बोलेरो बाद होत नाही. मधल्या रांगेत समोर तोंड असलेली जागा आणि धड तीन-बिंदू पट्टा असेल तर पट्ट्याने बांधायची सीट तितकीच चालते. फक्त हात जास्त चालवावा लागतो. खरेदी करताना मात्र तपासावं, कारण आता बऱ्याच सीट फक्त आयसोफिक्सच्या येतात. सीटवर नारिंगी लेबल आणि त्यावर युरोपीय मान्यतेचं वर्तुळातलं ई, किंवा भारतीय मानक एआयएस-०७२ चा उल्लेख शोधावा.

बसवण्याआधी मधल्या रांगेवरचं रेक्झिनचं जाड कव्हर काढावं. त्यावर सीट घसरते, शिवाय त्याखालचा फोम दबला की पट्टा आपोआप सैल पडतो. मधली रांग दुमडणारी असेल तर तिची खिट्टी दोन्ही बाजूंना पूर्ण लागली आहे का ते हलवून बघावं. धूळ आणि गंजामुळे एका बाजूची अर्धवट लागलेली सापडते. मग सीट ठेवून पट्टा रंगीत खुणांमधूनच ओवावा. निळी खूण मागे तोंड करून बसवताना, लाल समोर तोंड करून. बकल लागल्यावर गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार टाकावा आणि खांद्याकडचा पट्टा ओढत राहावा, म्हणजे कमरेकडचा ताणला जातो. शेवटी सीटवरची, पट्टा घट्ट पकडून ठेवणारी चाप लावावी. जिथून पट्टा जातो तिथे सीट धरून हलवल्यावर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरचं टोक धरून हलवणं ही चाचणी नव्हे, ते हलणारच.

ती चाप महत्त्वाची, कारण आपल्या गाड्यांतला पट्टा बहुधा झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा फिरतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाडीचा पट्टाच घट्ट अडकवता येण्याची सोय सक्तीची आहे, त्यामुळे तिथल्या अनेक सीटना स्वतःची चाप नसते. न्यू जर्सीहून काकांनी सुटकेसमध्ये आणलेली सीट नाशिकच्या बोलेरोत सैल पडते ती यामुळे. अशा सीटबरोबर पूर्वी इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची धातूची क्लिप यायची. बकलच्या जिभेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत ती लावून पट्ट्याचे दोन्ही पदर एकत्र अडकवायचे. क्लिप नसेल आणि पुस्तिकेत तिचा उल्लेखही नसेल, तर ती सीट त्या गाडीसाठी नाही.

जुन्या गाड्यांत आणखी एक घोटाळा होतो. बकलची दांडी लांब असते, आणि बकल नेमकं चाइल्ड सीटच्या चौकटीच्या कडेवर येऊन टेकतं. वरून पट्टा ताणलेला दिसतो, पण बकल वाकडं होऊन दबतं आणि धडकेत उघडू किंवा तुटू शकतं. यावर सुरक्षित तोडगा म्हणजे दुसरी जागा किंवा दुसरी सीट. मागे तोंड करून बसवायच्या सीटला पट्टा लांब लागतो. तो पुरला नाही तर एक्स्टेंडर (पट्टा लांबवणारा जोडतुकडा) लावू नये. पट्टा विरलेला, उन्हाने फिकट पडलेला, आत ओढला न जाणारा किंवा अपघात पाहिलेला असेल तर आधी तो बदलावा.

पट्टाच नसेल तेव्हा मोह होतो तो फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याचा. दोन सळ्या वेल्ड केल्या की आयसोफिक्स झालं, असं वाटतं. पण ही वाहनं शिडीसारख्या चासीवर वेगळी बॉडी बसवलेली, आणि मागची सीट त्या बॉडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली. धडकेत सळी टिकली तरी पत्रा फाटून आख्खी सीटच पुढे येऊ शकते. पट्ट्याच्या बोल्टचंही तसंच. तो बहुतेक सगळीकडे ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा, उच्च ताकदीचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला १२ मिलीमीटरचा बोल्ट ठोकून बसवला की आटे जातात. कंपनीने त्याच मॉडेलच्या नंतरच्या आवृत्तीत तीन-बिंदू पट्टा दिला असेल आणि आपल्या गाडीच्या खांबात मजबुती दिलेलं मूळ भोक असेल, तरच अधिकृत सेवा केंद्राकडून मूळ सुटे भाग बसवून घ्यावेत. भोक नसेल तर विषय तिथेच संपला.

कायदा या तपशिलात शिरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे: चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटविना असेल तर हजार रुपये दंड. २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर मागच्या पट्ट्यांची चर्चा वाढली. मुंबईत त्या नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना पट्टा लावण्याचा आदेश निघाला. ही चर्चा बव्हंशी मोठ्यांची होती.

चालकाशेजारची सीट हा पर्याय अनेकांना सुचतो, कारण जुन्या गाडीत एकमेव धड तीन-बिंदू पट्टा तिथेच असतो. त्या सीटची एअरबॅग आपल्याकडे २०२१ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या साध्या मॉडेलमध्ये ती बहुधा नसते. नसेल, आणि चाइल्ड सीटची पुस्तिका परवानगी देत असेल, तर ती जागा शेवटच्या पर्यायाची म्हणून वापरता येते, सीट पूर्ण मागे सरकवून. एअरबॅग चालू असलेल्या जागी मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नये.

नुसता कमरेचा पट्टा असेल तर मुलाला बांधणारा आतला स्वतंत्र हार्नेस (पट्ट्यांचा संच) असलेली आणि लेबलवर दोन-बिंदू पट्ट्याला मान्यता लिहिलेली सीटच घ्यावी. नुसता बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) कमरेच्या पट्ट्यावर वापरू नये: वरचं अंग मोकळं राहतं आणि पट्टा पोटात रुततो. डिक्कीतल्या आडव्या बाकड्यावर तर कुठलीच सीट बसत नाही.