क्रॅब प्लव्हरसाठी आक्षी : एक दिवसाची पक्षिनिरीक्षण सहल

अलिबागजवळच्या आक्षीला आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहल नेतो, ती मुख्यतः क्रॅब प्लव्हरच्या आशेने. कच्छच्या आखातात हा पक्षी थव्यांनी दिसतो, कोकणात मात्र क्वचितच उतरतो. त्यामुळे तो दिसेलच असा शब्द आम्ही देत नाही आणि न दिसल्यास पैसे परत मिळत नाहीत. नोंदणी करण्याआधी हे लक्षात घ्यावे.

पक्षी साधारण ४० सेंटीमीटरचा, पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, पाय लांब आणि निळसर राखाडी. लांबून कुरवच (सीगल) वाटतो, म्हणून आधी चोच पाहा: काळी, सरळ आणि चांगली जाडजूड. खेकडा दिसला की चार पावले धावतो, थबकतो, चोच मारतो. लहान खेकडा अख्खा गिळतो, मोठ्याची आधी मोडतोड करतो. पक्ष्यांच्या त्याच्या कुळात ही एकच जात. अरबस्तानच्या आसपासच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर तो वाळूत बीळ खणून आत बहुधा एकच पांढरे अंडे घालतो; तापलेल्या वाळूची ऊब अंड्याला मिळते. पिल्लू उडू लागले तरी आईबाप त्याला भरवतात, आणि हिवाळी मुक्कामीसुद्धा ते त्यांच्यामागे खेकड्यासाठी लकडा लावते. हे पाहायला मिळाले तर दुसरे काही नाही दिसले तरी चालेल, असे आम्हाला मनापासून वाटते.

सहलीच्या तारखा पौर्णिमा-अमावास्येच्या जवळपासच का, असे अनेकजण विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे सकाळभर पाणी दूर जात राहते आणि पक्षीही. पौर्णिमा-अमावास्येच्या, म्हणजे उधाणाच्या दिवसांत ती दुपारी बाराच्या आगेमागे येते. आठपासून चढते पाणी थव्यांना आपल्याकडे ढकलते आणि ऊन आपल्या पाठीशी असते.

आपण सुरूच्या बनाच्या कडेला बसून दुर्बिणीतून पाहतो. फोटोसाठी थव्याकडे चालत जाणे, ड्रोन उडवणे, पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे चालणार नाही. दर वेळी उठवलेल्या पक्ष्याची ताकद खर्च होते आणि खाण्याचा वेळ बुडतो. ऑयस्टरकॅचर हा लाल चोचीचा किनारपक्षीही इथे हिवाळ्यात येतो. जगभरात त्याची संख्या घटते आहे, तेव्हा त्यालाही हाच नियम.

दुपारी गावात जेवण: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी. नंतर वेळ असेल तर शके ९३४ चा आक्षीचा मराठी शिलालेख पाहू.

मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, पाणी आणि भिजली तरी चालतील अशी पादत्राणे आणा. दुर्बीण नसेल तर नोंदणी करतानाच सांगा, आम्ही देऊ. निघण्याची वेळ भरतीप्रमाणे बदलते, ती आदल्या संध्याकाळी फोनवर कळवली जाईल.