पार्श्वभूमी : इटलीतील डोंगरी मूळगावे आणि त्यांची दप्तरे

दक्षिण इटलीतील पुल्या प्रांतात, दाउनियाच्या डोंगररांगेत, रोसेतो वालफोर्तोरे हे छोटे गाव आहे. १८८२ मध्ये तेथून मजुरांची पहिली तुकडी अमेरिकेला गेली आणि पेन्सिल्व्हेनियातील स्लेटच्या खाणींत कामाला लागली. मागोमाग भाऊबंद आणि शेजारीपाजारीही गेले, आणि १९१२ मध्ये त्यांच्या तिथल्या वस्तीला रोसेतो याच नावाने स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला. आज अमेरिका, अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधून पणजोबांचे गाव शोधत इटलीत येणारी माणसे अशाच गावांची वाट चढतात. ज्या कागदांच्या आधारे ती तिथवर पोहोचतात त्यांचा इतिहास गावांच्या इतिहासाइतकाच जाणून घेण्याजोगा आहे.

ही गावे डोंगरमाथ्यावर वसण्याची कारणे जुनी आहेत. सखल भागात हिवतापाचे थैमान असे आणि उंचावर राहणे संरक्षणाच्या दृष्टीनेही सोयीचे पडे. त्यामुळे शेते दूर खाली आणि घरे वर एकमेकांना खेटून, अशी रचना रूढ झाली. एकीकरणापूर्वी दक्षिण इटलीत असलेल्या नेपल्सच्या राज्यात १८०६ मध्ये सरंजामशाही कायद्याने संपली, तरी जमिनीचा मोठा हिस्सा धनिकांच्याच हाती राहिला. १८६१ च्या एकीकरणानंतर नव्या राज्याने १८६९ पासून धान्य दळण्यावर कर बसवला, त्याची झळ भाकरीवर जगणाऱ्यांना सर्वाधिक लागली. पुढे अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त गव्हाने भाव पाडले आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सशी जकातीचा संघर्ष पेटल्याने दक्षिणेतील द्राक्षारसाची मोठी बाजारपेठ हातची गेली. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी देश सोडल्याची नोंद आहे. एकट्या १९१३ मध्ये ही संख्या ८ लाख ७० हजारांवर गेली. त्यांतले पुष्कळजण परतले आणि काही पुन्हा गेले, त्यामुळे एकाच माणसाचे नाव जहाजांच्या याद्यांत दोन-तीनदा आढळले तर नवल नाही.

नोंदी ठेवण्याची पहिली सक्ती चर्चची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही प्रत्येक पॅरिशवर (एका पाद्रीकडे सोपवलेल्या वस्तीवर) बंधनकारक केली आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींनाही शिस्त लावली (गोव्यातील चर्चच्या जुन्या नोंदवह्यांमागेही हीच परंपरा आहे). १६१४ पासून मृत्यूच्या आणि घरोघरच्या माणसांच्या याद्याही ठेवण्याचा दंडक आला. नेपल्सच्या राज्यात १७४१ पासून करआकारणीसाठी कुटुंबवार दप्तर तयार होऊ लागले. त्यात कुटुंबातील माणसे, त्यांची वये, व्यवसाय, जमीन आणि जनावरेही लिहिलेली सापडतात.

निर्णायक बदल मात्र नेपोलियनच्या काळात झाला. फ्रेंच अमलाखालील नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून मुलकी नोंदणी, म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंद, सुरू झाली. सिसिलीत ती १८२० मध्ये आली, आणि सर्व इटलीसाठी एकसारखी व्यवस्था १८६६ पासून लागू झाली. जन्मानंतर वडिलांनी किंवा सुईणीने मूल घेऊन गावच्या प्रमुखापुढे हजर व्हायचे, साक्षीदार उभे करायचे, मग छापील नमुन्यात वडिलांचे वय, व्यवसाय आणि घराचा रस्ता लिहिला जाई. स्त्रीचे नाव विवाहानंतरही माहेरच्या आडनावानेच नोंदले जाई. आपल्याकडच्या बहुतेक वंशावळींत स्त्रियांचे माहेर पुसले जाते. तिथे आईकडची साखळीही तितकीच सलग लागते, हे मला या दप्तराचे सर्वांत मोठे देणे वाटते.

त्याहून समृद्ध आहेत ती विवाहनोंदीची जोडपत्रे. वधूवरांचे जन्मदाखले तर त्यांत असतच; पण वडील हयात नसतील तर त्यांचा मृत्युदाखला, आणि अशा वेळी संमती देण्याचा हक्क आजोबांकडे जात असल्याने तेही वारले असतील तर त्यांचाही दाखला जोडावा लागे. त्यामुळे १८२० च्या सुमाराचा एकच विवाह अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेऊ शकतो. शिवाय प्रत्येक वहीची दुसरी प्रत न्यायालयाकडे जात असे, आणि अशा प्रती आता प्रांतोप्रांतीच्या राज्य अभिलेखागारांत आहेत. भूकंपाने गावातले दप्तर गेले तरी माग टिकतो तो या दुसऱ्या प्रतीमुळे.

समुद्रापलीकडचे टोक जहाजांच्या याद्यांत सापडते. न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर, जिथे येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी होई, तिथल्या अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही समजूत खरी नाही. याद्या निघण्याच्या बंदरातच जहाज कंपन्या तयार करत आणि बेटावर त्या फक्त पडताळल्या जात. १९०७ पासून त्यांत जन्मगाव आणि मायदेशातील जवळच्या नातलगाचे नाव-पत्ता यांचे रकाने आले, आणि शोधाला खरा पत्ता मिळाला. १९२४ च्या अमेरिकी कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणल्यावर गाव आणि परदेशी गेलेली शाखा यांतील ये-जा जवळपास आटली.

अलीकडे वंशाच्या आधारे इटलीचे नागरिकत्व मिळण्याच्या आशेने या शोधाला मोठा जोर आला होता. मार्च २०२५ च्या अध्यादेशाने आणि मेमधील कायद्याने, परदेशात जन्मलेल्या वंशजांचा हा हक्क सामान्यतः आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंत मर्यादित केला. पणजोबांच्या आधारावर नवा अर्ज करणाऱ्यांची वाट त्यामुळे बहुतांशी बंद झाली. मूळगाव पाहण्याच्या ओढीला मात्र कायद्याची अट नाही. अभिलेखागारांच्या ‘आन्तेनाती’ या संकेतस्थळावर २०११ पासून मुलकी वह्या घरबसल्या पाहता येतात. १८०९ च्या मागे जायचे तर बहुतेक ठिकाणी पॅरिशच्या लॅटिन वह्याच उघडाव्या लागतात, आणि त्या अनेक गावांत अजूनही चर्चच्याच कपाटात आहेत. एकच पाद्री अनेक गावे सांभाळत असतो, म्हणून आधी पत्र लिहून वेळ ठरवावी आणि जाताना पूर्वजांच्या वडिलांचे नाव अवश्य न्यावे, कारण पहिल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याच्या प्रथेमुळे एकाच गावात एकाच नावा-आडनावाचे चार चुलतभाऊ सहज निघतात.