स्वयंचलित मतदार नोंदणी : मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

अमेरिकेत नॉर्थ डकोटा वगळता प्रत्येक राज्यात मतदानापूर्वी नाव नोंदवावे लागते आणि ते नोंदवण्याची जबाबदारी परंपरेने नागरिकाचीच मानली गेली आहे. 1993 च्या संघीय कायद्याने वाहन परवाना कार्यालयांत नोंदणीची सोय करून दिली, तरी पुढाकार नागरिकानेच घ्यायचा होता. ऑरेगन राज्याने 2015 मध्ये कायदा करून हा क्रम उलटा केला. परवान्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा दिलेल्या पात्र व्यक्तीची माहिती निवडणूक यंत्रणेकडे जाते, तिच्या घरी टपालाने एक कार्ड येते आणि 21 दिवसांत तिने नकार कळवला नाही, तर तिचे नाव यादीत लागते.

माणसाने काहीच केले नाही तर जे आपोआप लागू होते, त्याचे वजन किती असते, हे एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी 2003 मध्ये अवयवदानाच्या संमतीवरून दाखवले. स्वतःहून होकार द्यावा लागणाऱ्या जर्मनीत संमतीचे प्रमाण 12 टक्के होते. नकार न दिल्यास होकार धरणाऱ्या ऑस्ट्रियात ते 99.98 टक्के होते. मात्र कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष अवयवदान नव्हे आणि तसेच यादीतले नाव म्हणजे मतदान नव्हे. 2016 मध्ये ऑरेगनमध्ये अशा रीतीने नोंदल्या गेलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनी मत दिले. विरोधकांना यात योजनेचे अपयश दिसते आणि समर्थकांना ही सगळी मते नव्याने मिळवलेली वाटतात. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण यांतील काहींनी एरवीही स्वतःहून नोंदणी केली असती आणि ते किती, हे नुसत्या बेरजेतून कळत नाही. त्यासाठी तुलनेला योग्य गट लागतो. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत घर बदललेल्या मतदारांचा तसा अभ्यास झाला, तेव्हा पत्ता आपोआप अद्ययावत झालेल्यांचे मतदान सुमारे 6 टक्के-बिंदूंनी वाढल्याचे आढळले. माझ्या मते या योजनेचा सर्वांत भक्कम लाभ हाच आहे, आणि वादात त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

मौनाचा अर्थ केवळ होकारापुरता राहत नाही. ऑरेगनमध्ये कार्ड परत न पाठवणाऱ्याची नोंद कोणत्याही पक्षाशी संलग्न नसलेला मतदार अशी होते. असे मतदार आता तिथला सर्वांत मोठा गट आहेत, आणि दोन्ही प्रमुख पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना सहसा मत देता येत नाही.

चुकांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल 2018 मध्ये नवी पद्धत सुरू झाली आणि काही महिन्यांतच सुमारे 23,000 नोंदींत चुका उघड झाल्या. ऑरेगनमध्ये 2024 साली नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या बाराशेहून अधिक जणांची नावे यादीत गेल्याचे आढळले. त्यांतील अनेकांच्या बाबतीत कर्मचाऱ्याने पर्यायांच्या यादीतून परदेशी पासपोर्टऐवजी अमेरिकी पासपोर्ट निवडला होता. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांनाही वाहन परवाना लागतोच, म्हणून हा प्रश्न त्यांच्याही दाराशी आहे. स्वतःला नागरिक म्हणवून खोटा दावा करणे, किंवा अपात्र असताना मत देणे, यामुळे तिथला निवासाचा हक्क धोक्यात येऊ शकतो.

म्हणूनच मतदार नोंदणीचा प्रश्न कोणत्या टप्प्यावर विचारला जातो, याला इतके महत्त्व आहे. काही राज्यांत तो परवाना कार्यालयाच्या खिडकीवरच विचारला जातो; मागे रांग उभी असताना, भाषा पुरती समजत नसताना, परदेशी व्यक्ती चुकून ‘मी नागरिक आहे’ यावर खूण करून बसू शकते. ऑरेगनच्या रचनेत तिला हा प्रश्नच येत नाही, कारण नागरिकत्व कागदपत्रांवरून ठरते. कोलोरॅडोनेही 2019 च्या कायद्याने खिडकीवरचा प्रश्न सोडून टपालाचा मार्ग धरला. मला हीच रचना अधिक न्याय्य वाटते; परंतु तिच्यात सगळा भार कागदपत्राची नोंद करणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर पडतो, त्यामुळे नाव यादीत जाण्यापूर्वी ती नोंद दुसऱ्या व्यक्तीने मूळ कागदाशी ताडून पाहणे बंधनकारक असायला हवे.