पिल्लाची शिदोरी

अंडं फुटण्याआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत कोंबडीचं पिल्लू उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेतं. चाळीसेक ग्रॅमच्या पिल्लात हा ऐवज सहा-सात ग्रॅमचा. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. मागच्या भावंडांची वाट पाहताना ही शिदोरी पुरते.

हॅचरीच्या धंद्याने नेमकी हीच सोय उचलली. अमेरिकेच्या टपालखात्याने १९१८पासून एका दिवसाची पिल्लं पार्सलाने पोचवली ती याच भरवशावर. ७२ तास दाणापाणी नसलं तरी पिल्लू तगतं.

तगतं, पण आतडं रखडतं. पहिल्या आठवड्यात आतडं बाकी शरीरापेक्षा वेगाने वाढतं. त्याच्या पेशींना ग्लुटामिन जळणासारखं लागतं, आतल्या बुळबुळीत अस्तरासाठी थ्रिओनिन लागतं; दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक. उपाशी पिल्लाचे रसांकुर, म्हणजे आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे, खुजे राहतात. ‘आधी बलक जिरू द्या, मग दाणा’ हा समज मोडला तो १९९०च्या दशकात, इस्रायलमधल्या हिब्रू विद्यापीठात. याएल नॉय आणि डेव्हिड स्क्लान यांना उलटंच दिसलं: लगेच खाल्लेल्या पिल्लांचा बलक लवकर संपतो. दाण्याने आतडं हलतं आणि बलकही पुढे सरकतो.

मग फुटायच्या आधीच का भरवू नये? अंड्यात सुई घालायची वाट लसीने आधीच पाडली होती. शर्मा आणि बर्मेस्टर यांनी १९८२मध्ये कोंबड्यांच्या मॅरेक्स रोगावरची लस अंड्यातल्या गर्भाला देऊन दाखवली. १९९९मध्ये जपानच्या ओहता यांनी अंड्यात अमिनो आम्लं टोचली. झेहावा उनी आणि पीटर फर्केट या संशोधकांची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. गर्भ शेवटी भोवतालचं पाणी पितोच, तर खाद्य त्या पाण्यातच सोडायचं! त्यांना २००३मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. आपल्याकडे बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेतही अमिनो आम्लांवर असं काम झालं. तरी लसीसारखं हे सर्रास झालं नाही. मात्रा किंवा जागा जरा चुकली की अंडी फुटायचं प्रमाण घसरतं, आणि तो तोटा कोण सोसणार?

आपल्या शेडमध्ये पिल्लांची गाडी आली की पहिल्यांदा गुळपाणी, मग पेपरावर मक्याचा भरडा. गुळाने तरतरी येते, पण त्यात प्रथिन जवळपास नाहीच, आणि मक्यात तरी कितीसं! म्हणून प्री-स्टार्टर, म्हणजे पहिल्या दिवसांचं प्रथिनयुक्त खाद्य, लांबवू नये. रात्री दहा-वीस पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपावी. मऊ आणि भरलेली लागली तर दाणा-पाणी दोन्ही पोचलं. कडक लागली तर पिल्लाला पाणी सापडलेलं नाही.