विलीनीकरण आणि वैमानिकांची ज्येष्ठता: ‘जुना तो वर’ हा नियम नाही

दोन विमान कंपन्या एक झाल्या की नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार वैमानिकांची एकच ज्येष्ठता यादी आपोआप तयार होते, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं नसतं.

2005 साली अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यादीचा वाद लवाद जॉर्ज निकोलाव यांच्याकडे गेला. 2007 च्या निवाड्यात त्यांनी यूएस एअरवेजच्या मोठ्या विमानांवरच्या सुमारे 500 ज्येष्ठ वैमानिकांना अगदी वर ठेवलं. पण त्याच कंपनीतल्या, विलीनीकरणावेळी सक्तीच्या रजेवर (काम नाही म्हणून बिनपगारी घरी) असलेल्यांना तळाशी. कारण त्यांच्याकडे उडवायला विमानच नव्हतं! त्यामुळे दीड दशक नोकरी झालेला माणूस कालपरवा लागलेल्या पोराच्या खाली गेला. महिन्याच्या ड्युट्या, सुट्ट्या, कॅप्टनपद, नोकरकपात, सगळं यादीतल्या क्रमांकावर ठरतं. भडका उडणारच.

संख्येने जास्त असलेल्या यूएस एअरवेजवाल्यांनी 2008 मध्ये वैमानिकांची जुनी संघटनाच मतदानाने बदलली. नव्या संघटनेला नोकरीची तारीखच हवी होती. मग कोर्टकचेऱ्या, आणि वर्षानुवर्षं एका कंपनीत दोन करार, दोन याद्या. माझ्या मते तोटा दोघांचाही झाला. पगारवाढ अडकली ती वेगळीच.

‘कायदाच तारीख मानतो’ हेही खोटं. अमेरिकेचा 2007 चा मॅककॅस्किल-बाँड कायदा फक्त न्याय्य एकत्रीकरण आणि गरज पडल्यास लवाद मागतो. सूत्र सांगत नाही. 2013 मध्ये यूएस एअरवेज अमेरिकन एअरलाइन्समध्ये मिसळली, तेव्हाची यादीही 2016 मध्ये लवादानेच दिली.