पृथक् आणि संतत संभाव्यता वितरणे

यदृच्छ चलाच्या (ज्याची किंमत योगायोगाने ठरते अशा राशीच्या) किमतींमध्ये एकूण १ ही संभाव्यता कशी वाटली गेली आहे, हे सांगणारा नियम म्हणजे संभाव्यता वितरण. किमती सुट्या असतील, एक-दोन-तीन अशा मोजत जाता येत असतील, तर वितरण पृथक्. उंची, तापमान, वेळ यांसारखी मापायची राशी असेल तर ते संतत.

पृथक् वितरणात प्रत्येक किमतीला स्वतःची संभाव्यता असते. याचे सुंदर उदाहरण संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये दिले: प्रशियन लष्करात घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू. १० कोअर (लष्कराचे मोठे विभाग) आणि २० वर्षे मिळून २०० नोंदी, म्हणजे एका कोअरच्या एका वर्षाची एक नोंद, मृत्यू १२२, म्हणजे सरासरी ०.६१. प्वासाँ वितरणानुसार (विरळ घटनांची संख्या मोजणाऱ्या पृथक् वितरणानुसार) एकही मृत्यू नसण्याची संभाव्यता ०.५४३, म्हणजे सुमारे १०८.७ नोंदी, प्रत्यक्षात १०९ होत्या.

संतत वितरणात कोणत्याही एका नेमक्या किमतीची संभाव्यता शून्य असते. संभाव्यता मिळते ती घनता वक्राखालच्या (संभाव्यता कुठे किती दाट आहे ते दाखवणाऱ्या वक्राखालच्या) क्षेत्रफळातून. वक्राची उंची ही संभाव्यता नव्हे. नेमकी इथेच सर्वाधिक गल्लत होते. समजा, उंचीचे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) आहे, सरासरी १६५ सेंमी, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसरणीचे माप) ६ सेंमी. १६५ पाशी घनता ०.०६६५ येते. तीच मापे मीटरमध्ये लिहिली की घनता ६.६५ होते! घनतेला एकक असते, ती १ पेक्षा मोठी असू शकते. १६४.५ ते १६५.५ सेंमी या पट्ट्याचे क्षेत्रफळ मात्र दोन्हीकडे ०.०६६ च राहते. स्प्रेडशीटमध्ये संचयी (त्या किमतीपर्यंतची एकूण संभाव्यता देणारा) पर्याय निवडायचा राहिला तर घनताच हाती येते आणि संभाव्यता म्हणून अहवालात जाते.

द्विपद वितरणाऐवजी (ठरावीक प्रयत्नांतील यशांची संख्या सांगणाऱ्या पृथक् वितरणाऐवजी) प्रसामान्य वितरण वापरताना अर्ध्या एककाची दुरुस्ती विसरू नये. नाणे १०० वेळा उडवल्यास ५५ किंवा कमी छापे पडण्याची खरी संभाव्यता ०.८६४ आहे. सीमा ५५ धरली तर उत्तर ०.८४१ येते, ५५.५ धरली तर ०.८६४. पृथक् वितरणात '५५ पेक्षा कमी' आणि '५५ किंवा कमी' ही वेगळी विधाने आहेत. संतत वितरणात त्यांत फरक पडत नाही.

काही राशी दोन्हींत बसत नाहीत. रोजच्या पावसात कोरड्या दिवसाच्या शून्याला भरीव संभाव्यता असते आणि पाऊस पडलाच तर त्याचे मिलिमीटर संतत असतात. अशा वेळी संचयी वितरण फलन वापरावे: शून्यापाशी ते उडी घेते आणि पुढे सलग चढत जाते.