जुन्या छोट्या रंध्याची धार कुठे हरवते?

एका हातात मावणारा लोखंडी रंधा, म्हणजे ब्लॉक प्लेन, दिसायला मोठ्या रंध्यासारखाच, पण त्याचे पाते उलटे बसते. मोठ्या रंध्यात पात्याचा उतार, म्हणजे धारेसाठी तिरपा घासलेला भाग, खाली असतो, याच्यात वर. जुना रंधा पुन्हा कामाला लावताना बहुतेक अडचणी या एका फरकाकडे लक्ष न दिल्यामुळे येतात.

उतार वर असल्याने कापण्याचा कोन म्हणजे बैठकीचा (पाते ज्यावर टेकते त्या तिरप्या जागेचा) कोन अधिक उताराचा कोन. १८७०च्या दशकापासून चालत आलेल्या स्टॅन्ले साडेनऊ नंबरच्या रंध्यात बैठक साधारण २० अंशांची असते. पात्याला २५ अंशांचा उतार दिला की बेरीज ४५. साडेसाठ नंबरच्या रंध्यात बैठक १२ अंशांची, म्हणून बेरीज ३७. फळीच्या टोकाला रेशे आडवे कापावे लागतात, तिथे हा कमी कोन फार उपयोगी पडतो. रेशे वाकून चुरडण्याआधी कापले जातात. उलटसुलट रेशांच्या फळीवर मात्र तोच कोन घातक. धारेच्या पुढे लाकूड फाटत जाते आणि पृष्ठभागावर खड्डे उरतात. अशा कामासाठी २० अंशांच्या रंध्यात ३५ अंशांचा उतार दिलेले दुसरे पाते ठेवावे. कोन ५५ होतो, रंधा ढकलायला जड जातो, पण रेशे उपटत नाहीत.

आता धार. पात्याची सपाट पाठ लाकडाकडे असते आणि दोघांत मोकळीक असते ती फक्त बैठकीच्या कोनाइतकी, १२ किंवा २० अंश. लाकूड घासून घासून धारेलगत पाठीवर सूक्ष्म गोलाई येते आणि मोकळीक संपते. मग पाते लाकडात शिरण्याऐवजी वरून घसरते. दगडावर उतार थोडा घासला की मागे लोखंडाची बारीक कड येते. धार आली असे वाटते, पण गोलाई तशीच राहिलेली असू शकते. पाठ उजेडात तिरकी धरून पाहावी. धारेलगत चमकती रेघ दिसली, तर ती नाहीशी होईपर्यंत उतार घासत राहावे.

पाठ धारेपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत सपाट आणि चकचकीत असली की पुरे. त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील, तर पाते त्यांच्या मागेपर्यंत घासावे लागेल. खड्ड्यातून धार जाऊच शकत नाही. उतार १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर आणि मग ६००० किंवा ८०००वर घ्यावा, शेवटी कड पाठीवरून काढावी. यंत्राच्या चाकावर घासताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. जुने कार्बन पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळे पडते, आणि निळा पडलेला भाग मऊ होऊन धार धरत नाही.

रंध्याचे शरीर ओतीव लोखंडाचे, म्हणून ठिसूळ. तोंडाच्या, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्या, दोन्ही बाजूंना तडे नाहीत ना, हे सर्वांत आधी तपासावे. तडा असेल तर पुढची मेहनत व्यर्थ आहे. बैठकीवर साचलेला रंग आणि गंज खरवडून काढावा. पाते तोंडाजवळ घट्ट टेकले नाही, तर ते थरथरते आणि लाकडावर लाटा उमटतात.

तळ सपाट करताना पाते आत ओढून जागेवरच ठेवावे आणि पाते दाबून धरणारे वरचे झाकण नेहमीइतके आवळावे, कारण त्या ताणाने शरीर किंचित वाकते. तळावर मार्करच्या आडव्या रेघा ओढाव्यात. जाड काचेवर ८० ग्रिटचा सँडपेपर चिकटवून त्यावर तळ घासावा, मग १५० आणि २२०वर. पुढचे टोक, तोंडाच्या लगतची कड आणि मागचे टोक येथील रेघा पुसल्या की थांबावे. मधला उथळ खोलगटपणा त्रास देत नाही. तोंडाच्या अगदी पुढचा देतो.

तोंडापुढची तळाची पट्टी सरकणारी असेल, तर बारीक कामाला तोंड ०.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे. छिलका अडकू लागला तर थोडे उघडावे. खोलीचा स्क्रू फिरवताना शेवटची हालचाल नेहमी पाते बाहेर येण्याच्या दिशेने असावी. आट्यांतला ढिलेपणा तसा निघून जातो, नाहीतर पाते काम करता करता मागे सरकते. खोलीचा स्क्रू हाताने फिरवता येईल इतकेच झाकण आवळावे. पाते वाकडे बसले आहे का, हे पाहण्यासाठी पातळ लाकडी तुकडा धारेच्या दोन्ही कोपऱ्यांवरून सरकवून निघालेले छिलके ताडून पाहावेत.

टोक तासताना रंधा ३० अंश तिरका धरावा. ४५ अंशांचे पाते तेव्हा सुमारे ४१ अंशांसारखे कापते. पलीकडची कड फुटू नये म्हणून तिथे आधीच छोटा चँफर मारावा, म्हणजे कोपरा तिरका तासावा, किंवा दोन्ही बाजूंनी मध्याकडे यावे. सुरुवातीला दाब पुढच्या टोकावर, शेवटी मागच्या. तळावर मेणबत्तीचे मेण दोन रेघा ओढले तरी हाताला फरक जाणवतो.